आप्पा, दोनशे चौदापुढं ‘बघू’ का लिहिलंत?

आप्पा, तुमचं दिवसकार्य उरकल्यावर तिसऱ्या दिवशी तुमची लेक शालनआक्का माझ्याकडं आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. "आप्पांच्या उशाला हुतं हे. तुझं हाय न्हवं?"

माझंच होतं. तुमच्या पोस्टकार्डांच्या यादीचं प्रिंट, मी तुम्हाला तपासायला दिलेलं. मला वाटलं, नेहमीसारख्या चुका काढल्या असतील. पण चुका नव्हत्या. कागदाच्या उजव्या कडेला, जिथं माझे रकाने संपतात तिथं, तुम्ही पट्टीनं एक नवा रकाना आखला होता. वर ‘प.’ एवढंच लिहिलं होतं. खाली एकेका कार्डापुढं निळ्या पेनानं हो, नाही किंवा बघू. पहिल्या कार्डापासून तीनशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत. त्याच्या पुढं रकाना आखलेला आहे, पण आत काही नाही.

‘प.’ म्हणजे काय, आप्पा? हे एवढंच विचारायचं होतं. विचारायची सोय राहिली नाही म्हणून लिहायला बसले.

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं आलात ते सायकलवरून, चपलांची चार खोकी कॅरियरला बांधून. आमच्या वडगावात तेव्हा सगळ्यांना कळलं होतं की ही मंगल यंत्रमागवाल्यांच्या साड्या इंटरनेटवर चढवते. फोटो काढायचा, एक्सेलच्या तक्त्यात रंग, काठ, पदर भरायचा, मग तक्त्यातली एक ओळ म्हणजे साईटवरचं एक पान. गिऱ्हाइकानं ‘मोरपंखी’ लिहिलं की सगळ्या मोरपंखी साड्या समोर. तुम्ही ते शालनआक्काच्या मोबाईलवर बघितलं होतं. खोकी माझ्या टेबलावर ठेवून म्हणालात, "साड्यांचं केलंस तसं ह्यांचं कर. कुणीबी काय शोधलं तर घावाय पाहिजे."

मी खोकं उघडलं. जुनी चित्रांची पोस्टकार्डं. देवळं, घाट, धबधबे, हातानं रंगवल्यासारखे लाल-हिरवे बंगले, एका कार्डावर नुसतीच गाय. तुम्ही इथं राहायला यायच्या आधी निपाणीत पोस्टमन होतात हे मला ठाऊक होतं. मी हसत विचारलं, "पोस्टातनं आणली काय हो?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "रद्दीवाल्याकडनं. लोकांनी घरं रिकामी केली तवा दिली, ती. बाजारात घेतली, ती. एकानं हेच इचारलतं मला, चारचौघांत. तू इचारलंस ते ठीक हाय. परत इचारू नको."

मी परत विचारलं नाही. पण विसरलेही नव्हते, आणि ते पुढं बाहेर आलंच.

आठ महिने आपण ते काम केलं. तुम्ही दुपारी जेवून यायचात. मागच्या खोलीत आमचे दोन माग चालू असायचे, त्यामुळं तुम्ही सांगायचा तेही ओरडून आणि मी टाईप करताना विचारायची तेही ओरडून. "नंबर एकशेतीन! चित्र, नदीवरचा पूल! पुलावर बैलगाडी एक! माणूस न्हाय!" रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटत असेल आपली भांडणं चाललीत. तुम्हाला शिक्क्यांचं फार. चित्राआधी तुम्ही पोस्टाचा शिक्का बघायचात, भिंगातून, तिरकं धरून. शिक्क्याचा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. "शिक्का न्हाय तर कार्ड कुठनं निघालं ते कसं कळणार गं?" म्हणून तुम्ही तो घालायला लावलात. मला ते काम वाढवणं वाटलं होतं.

गावांच्या नावांवरून मी अडले होते. बेळगाव लिहायचं, बेळगावी लिहायचं, की इंग्रजीतलं जुनं स्पेलिंग ठेवायचं? एखाद्यानं एक नाव शोधलं आणि आपण दुसरं लिहिलेलं असलं तर कार्ड सापडणारच नाही. तुम्हाला यात अडण्यासारखं काही दिसलंच नाही. "समदी घाल की. आमच्याकडं एकाच गावाला चार नावानं पत्रं यायची. मराठीत, कन्नडात, इंग्लिशात, कशातबी. पोचवायचं काम पोचवायचं." मग मी प्रत्येक गावापुढं सगळी नावं घातली. वाचणाऱ्याला ती दिसत नाहीत, शोधणाऱ्याला उपयोगी पडतात. तुम्हाला ही युक्ती इतकी आवडली की तुम्ही शालनआक्काला तीनदा सांगितलीत.

आणि मग आपण कार्डांच्या मागच्या बाजूवर आलो.

मी दोन्ही बाजू स्कॅन केल्या होत्या. माझं म्हणणं सरळ होतं. मागचा मजकूर टाईप केला, तर शोधणाऱ्याला माणसं सापडतील. नावं, घरं, लग्नं, आजारपणं. नुसत्या देवळाच्या चित्रात कोण काय शोधणार? तुम्ही म्हणालात, न्हाय. मी कारण विचारलं. म्हणालात, "पोस्टमननं पत्ता वाचायचा. मजकूर वाचायचा न्हाय."

"पोस्टकार्ड उघडंच असतंय की आप्पा. त्याला कुठं पाकीट हाय?"

"उघडं असलं म्हणून काय झालं?"

असं कितीतरी दिवस चाललं. त्या शेवटच्या दिवशी मी वैतागले होते. एका गिऱ्हाइकाच्या साड्यांचे फोटो राहिले होते, तुम्ही परत तेच सुरू केलंत, मागांची खटखट डोक्यात बसली होती. मी ओरडून म्हणाले, "खरं सांगू काय आप्पा? तुम्हाला भ्या वाटतंय, लोक चोर म्हणतील!"

नेमकी त्याच वेळी लाईट गेली. माग थांबले. माझं वाक्य त्या शांततेत घरभर ऐकू आलं. मागच्या खोलीतून आमच्या ह्यांनी डोकं बाहेर काढून बघितलं. तुम्ही भिंग रुमालात गुंडाळलंत, खिशात टाकलंत. मी तेवढ्यात तपासणीचं प्रिंट तुमच्यापुढं केलं, काहीच झालं नाही असं दाखवायला. तुम्ही ते घेतलंत. "बघतो," म्हणालात आणि सायकल घेऊन निघून गेलात.

पाच दिवस तुम्ही आला नाहीत. मी रोज दुपारी म्हणायची, आज जाते, माफी मागते. सहाव्या दिवशी सकाळी शालनआक्काचा फोन आला. झोपेतच गेलात म्हणे.

म्हणून तो निळ्या पेनाचा रकाना मला सोडवत नाही. त्या पाच दिवसांत तुम्ही बसून काय करत होता? माझ्यावर रागावला होता की माझं ऐकायचं ठरवत होता?

पहिल्यांदा मला वाटलं, ‘प.’ म्हणजे पाठ. कुठल्या कार्डाची पाठ दाखवायची, कुठल्याची नाही. म्हणजे तुम्ही निम्मं तरी मान्य केलंत! मला रडूच आलं. मग मी कार्डं काढून ताडून बघायला लागले. सत्तावन्न नंबरचं कार्ड, मागं काहीच लिहिलेलं नाही, पुढं ‘हो’. ठीक आहे, कोरी पाठ दाखवायला काय हरकत. पण एकशेसव्वीसवर नुसतं ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ एवढंच आहे, आणि पुढं ‘नाही’. यात झाकण्यासारखं काय आहे?

शालनआक्का म्हणाली, "पाहिलं असंल. पाहिलं, हो. पाहिलं न्हाय."

"आणि बघू?"

"मग बघू म्हंजे नंतर बघू," ती म्हणाली आणि स्वतःच हसली आणि मग डोळे पुसायला लागली.

तुमच्याबरोबर नोकरीला असलेले एक जण भेटायला आले होते, त्यांना मी कागद दाखवला. त्यांनी एका क्षणात सांगितलं, "पोचलं. दुसरं काय असणार? पोस्टमनचा ‘प’ पोचलंचाच." मला ते फार पटलं. दोन तास मी त्यावर खूश होते. मग शिक्का नसलेली, कधी पेटीत पडलीच नाहीत अशी कार्डं फिल्टर लावून बाजूला काढली. त्यातल्या निम्म्यांपुढं ‘हो’.

शेवटी मी माझ्या मनानं केलं. यादी साईटवर चढवली. चित्रं सगळ्यांची. ‘हो’ लिहिलेल्यांची पाठ दाखवली, ‘नाही’वाल्यांची झाकली. ‘बघू’चीही झाकली, फक्त शिक्का आणि पत्त्यातलं नाव-गाव ठेवलं. पुढच्या ज्यांना तुम्ही हात लावला नाहीत, ती नुसती चित्रं. शोधायची पट्टी वर बसवली. पहिला शब्द मी ‘गाय’ लिहिला. एकच कार्ड आलं, ते बरोबर आलं, आणि हे कुणाला दाखवायचं हेच मला कळेना.

आठवडा झाला असेल. निपाणीहून एका बाईचा फोन आला. आवाज ताठ होता. "तुमच्या साईटवर दोनशेचौदा नंबरचं कार्ड हाय. गोव्याच्या समुद्राचं. शिक्का कणकुंबीचा. त्याच्यावर नाव माझ्या आईचं हाय. सुंदरा, तंबाखूची वखार, निपाणी. हे कार्ड तुमच्याकडं कसं आलं?"

मी म्हणाले, ते आप्पांच्या संग्रहातलं आहे.

"हे आप्पा कोण?"

"निपाणीत पोस्टमन होते."

"पोस्टमन," ती सावकाश म्हणाली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. ती म्हणाली, "आमच्या घरात असलं कार्ड कधी आलंच न्हाय. माझी मावशी घर सोडून गेली ती कणकुंबीकडं, एवढंच आमाला माहीत. म्हणून मी गावाचं नाव शोधत हुते. आईला घेऊन रविवारी येते."

फोन ठेवून मी कार्ड काढलं. मजकूर स्कॅन करताना मी वाचला होता, पण पाचशे कार्डांत तो माझ्या लक्षात राहिला नव्हता. तुमच्या कागदावर बघितलं. दोनशे चौदा. ‘बघू’.

आता सांगते, आप्पा. दोन दिवस मी तुम्हाला चोर समजले. तुमच्याच टपाल वाटायच्या बीटमधलं कार्ड, तिच्या घरी कधी न आलेलं, तुमच्या खोक्यात. आणि मग ते सगळं आठवायला लागलं. परत इचारू नको. मजकूर वाचायचा न्हाय. पाठ दाखवायची न्हाय. मला वाटलं, मी रागाच्या भरात बोलले ते खरंच होतं की काय? शालनआक्काला सांगितलं तेव्हा तिनं मला नीट उत्तरही दिलं नाही. "आप्पा कुणाचं कार्ड ठेवून घेणारे न्हाईत," एवढंच म्हणाली. मी म्हणाले, मग हे काय आहे? तिला राग आला. पण रविवारी ती त्या मायलेकी यायच्या आधीच येऊन बसली होती.

सुंदराबाई सत्तरीच्या आसपासच्या. गुडघे दुखत होते, दोन पायऱ्या चढायला लेकीनं हात धरला. खुर्चीवर बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुठाय ती?"

"कोण?" मी विचारलं.

"शेवंता. तिनंच घातलंय न्हवं ते मोबाईलात?"

आप्पा, त्या तसं समजून आल्या होत्या. लेकीनं सांगितलं होतं, पण त्यांच्या मनानं ते घेतलं नव्हतं. मोबाईलवर कार्ड दिसलं म्हणजे ते कुणीतरी धाडलं, आणि धाडणारी त्यांची बहीण शेवंताच असणार. मी सांगितलं, हे पोस्टमन आप्पांकडं होतं, ते आता नाहीत, यादी मी केली. त्यांनी कार्ड हातात घेतलं. समुद्राच्या बाजूनंच धरलं, बराच वेळ.

लेक म्हणाली, "आई, हे तुला मिळालंच न्हवतं न्हवं? त्या पोस्टमननं ठेवून घेतलं."

"मिळालतं की," सुंदराबाई म्हणाल्या.

त्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं.

"वखारीत आणून दिलतं त्यानं. पत्ताच वखारीचा, घरचा न्हाय. शेवंता गेलती त्या डायवरासंगं, आमच्या घरात तिचं नाव काढलं तर दादा मारायचा. पोस्टमनला गावातलं समदं ठावं असतंय. त्यो वखारीच्या मागं आला, मला हाक मारली आणि वाचून दाखवलं."

"वाचून?" मी विचारलं. "आप्पांनी?"

"त्योच वाचायचा समद्यांची. वखारीत एवढ्या बायका, एकीला वाचता येत न्हवतं. माझं तर लई हळू वाचलं, दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून." त्यांनी कार्ड उलटं केलं, ओळींवरून बोट फिरवलं. "मग मीच म्हटलं त्याला, हे घरी न्हेलं तर चुलीत घालतील. तुमच्याकडं ठेवा. त्यो म्हटला, ठेवतो. उत्तर धाडायचं असंल तर सांग, लिहून देतो. मी म्हटलं, उद्या सांगते."

"मग?"

"मग काय. महिन्यात लग्न केलं माझं. वखार सुटली."

शालनआक्का भिंतीकडं तोंड करून बसली होती. मला तिच्याकडं बघवेना. मी तुम्हाला दोनदा चोर म्हटलं, आप्पा, एकदा तोंडावर आणि एकदा मागं. आणि तुम्ही मला एका वाक्यात हे सांगू शकला असता. का नाही सांगितलंत? पन्नास वर्षं झाली होती. त्या घरातलं मारणारं कुणी उरलं नव्हतं. की तुमच्यासाठी ते अजूनही वखारीच्या मागं हळू वाचलेलंच होतं? आणि असं इतक्या जणींचं वाचून दाखवलंत, तर मला ‘मजकूर वाचायचा न्हाय’ का म्हणालात? मी अजून त्या वाक्याचा अर्थ लावतेय. कधी वाटतं कळला, कधी वाटतं मी माझ्या सोयीचा लावतेय.

सुंदराबाईंनी कार्ड माझ्यापुढं केलं. "वाच."

मी वाचलं. ‘सुंदरा, मी सुखरूप आहे. आम्ही समुद्र बघून आलो. तो चित्रातल्यासारखाच आहे. घरी सांगू नको. तू कशी आहेस ते कळव. शेवंता.’ एवढंच. मी नेहमीच्या आवाजात वाचलं, मागं माग चालू होते, त्यामुळं जरा मोठ्यानंच. त्यांनी मान हलवली. मग पुन्हा वाचायला लावलं.

त्यांनी कार्ड रुमालात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवलं. "आता घरात कुणी जाळणारं न्हाय," म्हणाल्या. मी तक्त्यात त्या ओळीपुढं ‘परत दिलं’ लिहिलं. ते बघून शालनआक्का एकदम म्हणाली, "मंगल, ‘प’ म्हंजे परत असंल बघ! ज्याचं त्याला परत!"

माझे हात थांबले. मग सत्तावन्न आठवलं. कोरी पाठ, नाव नाही, पत्ता नाही, पुढं ‘हो’. ते कुणाला परत द्यायचं?

"ते आप्पांनाच इचार," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

मी सुंदराबाईंना विचारलं, हे साईटवरून काढून टाकू काय? तुमचं नाव आहे त्यावर. त्यांना साईट म्हणजे काय ते लेकीनं समजावलं. जगात कुठूनही कुणीही कणकुंबी असं लिहिलं की हे पान येतं. त्या विचारात पडल्या. "कुणीबी? म्हंजे शेवंताबी?"

"त्या असल्या तर. त्यांची पोरं असली तर."

"असंल की," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा दोनच वर्सांनी थोरली."

मग म्हणाल्या, "काढू नको. पाठ दाव. आनि त्याच्याखाली मी सांगते ते लिही."

प्रत्येक कार्डाच्या पानावर खाली वर्णनाची जागा आहे. तिथं आपण कागद, छपाई, कोपरा दुमडलाय का, असलं लिहितो. दोनशे चौदाच्या जागी तुमचं ‘समुद्र, नारळी, रंगीत, डाग नाही’ होतं. मी ते ठेवलं आणि खाली नवी ओळ घेतली. लेकीला मी मागच्या खोलीत पाठवलं, जरा माग बंद करायला सांगा म्हणून. त्या बोलत गेल्या तसं मी टाईप केलं. एक शब्द बदलला नाही.

‘शेवंता, मी सुंदरा. तुजं कार्ड मला वखारीतच मिळालतं. पोस्टमननं वाचून दावलं. उत्तर धाडलं न्हाय, माजी चूक झाली. दादा वारला. आई वारली. रागवाय कुणी न्हाय आता. मला तीन पोरं. गुडगं दुखत्यात. मी निपाणीतच हाय. समुद्र मी अजून बगितला न्हाय.’

तुम्हाला हे आवडलं असतं की तुम्ही भिंग रुमालात गुंडाळून उठून गेला असता, मला खरंच ठाऊक नाही. तुमच्या ‘बघू’चा अर्थ मी हा लावला. चुकला असेल तर माझ्यावर राहू दे. पण तुम्हाला मी जे बोलले त्याची माफी मी त्या दिवशी, त्या तिघींच्या समोर, तुमचं नाव घेऊन मागितली. शालनआक्कानं ऐकली आहे.

मी सेव्हचं बटण दाबलं. पान परत उघडलं, शोधायच्या पट्टीत ‘शेवंता’ लिहिलं आणि स्क्रीन सुंदराबाईंकडं फिरवला. निळा समुद्र आला, आणि खाली त्यांचं बोलणं. त्यांनी चष्मा वर केला, अक्षरांकडं बघितलं, वाचता येत नसलं तरी शेवटच्या ओळीपर्यंत बघितलं.

मग मला विचारलं, "आता हे कवा पोचंल?"

मी शालनआक्काकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी उठले आणि चहा ठेवला.